जुन्या डंपिंगवरच्या बागेतले कुलूपवाले पाइप आणि आमच्या सोसायटीची बोअर

सोनचाफा
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही नवी मुंबईत ज्या नोडमध्ये राहतो (नाव मुद्दाम लिहीत नाही, खाली कोणीतरी लगेच फ्लॅटचे रेट काढणार) तिथे सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे बाग आहे. टेकाडावर चालायचा ट्रॅक, संध्याकाळी खाडीवरचा वारा, सगळं छान. पण जुने लोक सांगतात की ते टेकाड म्हणजे पूर्वीचं डंपिंग, कचऱ्यावर माती टाकून बाग केलीय. कडेकडेने जमिनीतून वर आलेले पाइप आहेत, काहींना लोखंडी झाकण आणि कुलूप, काही बारीक पीव्हीसीचे आणि वर छोटी तोटी. अधूनमधून दोन मुलं पेटी घेऊन येतात, तोटीला मशीन लावतात, कुलूपवाल्यात टेप सोडतात, वहीत लिहितात आणि जातात. विचारलं तर "रूटीन आहे मॅडम".

आता खरा मुद्दा. टँकरच्या बिलाने कमिटी हैराण झालीय आणि ठराव आलाय की आमची जुनी बोअर, जी आत्ता फक्त झाडांना आणि गाड्या धुवायला वापरतो, ती फिल्टर लावून वरच्या टाकीत घ्यायची. लॅबचं कोटेशनपण आलंय, "ड्रिंकिंग वॉटर पॅकेज", त्यात टीडीएस, पीएच, हार्डनेस आणि जंतू. सेक्रेटरी म्हणतात एवढं बास. मला मात्र ते पाइप आठवत राहतात. ती मुलं नक्की काय मोजतात, आम्ही बोअरचं पाणी तपासायचं तर काय काय तपासायचं, आणि गॅसचा आमच्या बिल्डिंगशी काही संबंध येतो का? जाणकारांनी प्लीज सांगा.

खेकडा
चहा संपला, प्रश्न संपेना. दुसरा कप टाकतो, चालू द्या.

वाशीचा_गृहस्थ
झालं सुरू. एवढी सुंदर बाग दिलीय, त्यातपण खोट काढायची. असले धागे गूगलवर वर येतात आणि गिऱ्हाईक फ्लॅट बघायला आलं की पहिलं हेच दाखवतं. पंधरा-वीस वर्षं झाली डंपिंग बंद होऊन, सगळं कुजून माती झालं असेल.

खेकडा
रेट आले बघा, दुसऱ्याच प्रतिसादात. सोनचाफा, तुम्ही ज्योतिषी आहात का?

पाणाड्या
पेशाने भूजलवाला आहे. आयडी वडलांच्या चेष्टेतून आलाय, नारळ हातावर धरून फिरत नाही.

ताई, तुम्ही दोन वेगळ्या जातीचे पाइप बघताय. कुलूपवाले पाण्याचे, त्यांना पिझोमीटर म्हणतात. आतल्या पाइपाला खालच्या भागात बारीक फटी असतात, फटींच्या बाहेर वाळू-खडी, आणि त्याच्यावर बेंटोनाइट नावाची ओली झाली की फुगणारी माती ठासलेली, म्हणजे वरचं पावसाचं पाणी पाइपाच्या कडेकडेने उतरून नमुना बिघडवत नाही. तोटीवाले गॅसचे, त्यावर कोणी त्यातला माणूस असेल तर लिहील.

ती टेप म्हणजे पाण्याची पातळी मोजायची, टोक पाण्याला टेकलं की टीं वाजतं. लोकांना वाटतं बाटलीत भरलेला नमुना महत्त्वाचा, मला विचाराल तर आधी टेपचा आकडा. तीन-चार पाइपांतल्या पातळ्या एकाच सपाटीच्या हिशोबाने मांडल्या की पाणी कुठून कुठे चाललंय ते कळतं. टेकाडाच्या वरच्या अंगाला एक तरी पाइप लागतो आणि खालच्या अंगाला दोन-तीन. वरून येणारं पाणी मुळात कसं आहे हे माहीत नसेल तर खालच्या पाण्यावरून कचऱ्याला दोष द्यायचा की नाही हे ठरवताच येत नाही. आपल्याकडे ढोबळ मानाने जमिनीतलं पाणी पारसिकच्या डोंगराकडून ठाणे खाडीकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेला जातं. पण हे ढोबळ झालं हां. भराव, जुने ओढे, नाले यांनी स्थानिक दिशा पार बदललेली असू शकते.

आता तुमच्या बोअरचं. तुम्ही जोरात उपसा केला की बोअरभोवतीची पातळी खाली बसते आणि आजूबाजूचं पाणी तुमच्याकडे वळतं. झाडांपुरती थोडा वेळ चालणारी बोअर आज चांगली आहे म्हणून वरच्या टाकीसाठी दिवसभर चालवल्यावर तशीच राहील असं अजिबात नाही. कमिटीला पॅकेजच्या आधी हे सांगा.

सुकट_बोंबील
आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला बागेकडून वास येतो, सडक्या अंड्यासारखा. बायको म्हणते गॅस, मी म्हणतो ओहोटी. अजून निकाल लागलेला नाही.

पाणाड्या
दोघंही बरोबर असाल. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलातूनही हायड्रोजन सल्फाइड येतो आणि कचऱ्यातूनही. नाकाला तो अगदी नगण्य असतानाच कळतो, म्हणून वास आला म्हणजे लगेच मोठा धोका असं नसतं. उलट तो फार वाढला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो, ते खरं जीवघेणं. गटारात उतरणारी माणसं जातात त्यात हे एक कारण.

खाजणकर
मी इथला मूळचा, आगरी. तुम्ही ज्याला नोड म्हणता तिथे आमची खाजणं होती, भात आणि पुढे मिठागरं. डंपिंग यायच्या आधी तिथे भरतीचं पाणी आत यायचं, बांध घालून जमीन राखलेली. कचरा पडायला लागला तेव्हा खाली प्लॅस्टिक नाही, काही नाही, सरळ चिखलावर. गावची विहीर थोडी आत होती, आजी चव घेऊन सांगायची, "पानी बिगरलंय". तेव्हा कोणी तपासलं नाही, गावाने ती विहीर भांड्या-धुण्याला ठेवली आणि प्यायला नळाची वाट बघितली. एवढंच सांगतो की टेकाडाच्या खाली काय आहे हे नकाशात बघायचं असेल तर सिडको यायच्या आधीचे नकाशे बघा, नुसती बाग बघून कळणार नाही.

दिवा_फास्ट
ठाण्यातून हजेरी. आमच्याकडे दिव्याला डंपिंग बंद झालं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला, कारण धुराच्या रात्री ज्यांनी काढल्यात त्यांनाच माहीत. पण बंद झालं म्हणजे संपलं असं वाटत होतं, हा धागा वाचून आता झोप उडाली. धन्यवाद म्हणू की काय म्हणू.

अ‍ॅडव्होकेट_नौपाडा
वाशीच्या गृहस्थांसाठी. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ (२०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आलेत) यात जागा बंद केल्यावर किमान १५ वर्षं देखभाल सांगितली होती. वरचं आवरण नीट ठेवणं, लीचेट म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी गोळा करणं, भूजल तपासणं, गॅसची व्यवस्था, सगळं त्यात आलं. शब्द "किमान" होता. आणि १५ वर्षं झाली की आपोआप मोकळं रान असंही नव्हतं, गॅस आणि लीचेट मर्यादेत आहे आणि जमीन बसायची थांबली आहे हे दाखवल्यावरच पुढच्या वापराचा विचार.

भूजल हद्दीपासून ५० मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशा वेगवेगळ्या ऋतूंत तपासायचं होतं. आणि सोनचाफा, तुमच्या कमिटीच्या कामाचं वाक्य: अशा जागेच्या आसपासचं भूजल कुठल्याही कामासाठी, पिण्यासाठी काय आणि शेतीसाठी काय, वापरायचं तर आधी गुणवत्तेची खात्री करूनच. तिथल्या यादीत आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, शिसं, पारा, निकेल, सायनाइड, नायट्रेट, फिनॉल वगैरे सगळं होतं. तुमच्या पॅकेजमध्ये यातलं काय आहे बघा.

सोनचाफा
पॅकेजमध्ये यातलं नायट्रेटसुद्धा नाही. बाकी यादी वाचून सेक्रेटरी म्हणाले एवढे पैसे कोण देणार.

रबाळेवाला
आरओ बसवा की. मोठा प्लांट टाकला की सगळं जातं, आमच्या कंपनीत आहे.

पाणाड्या
आरओने क्षार, धातू बरेचसे जातात, पण पाण्यात विरघळलेला गॅस पडद्यातून पार होतो, मिथेनसुद्धा. आणि आरओने टाकून दिलेलं पाणी जास्त घाण होऊन बाहेर पडतं, ते परत बागेलाच घालणार ना? आधी पाण्यात काय आहे ते कळू द्या, मग मशीन.

काय तपासायचं त्यावर लिहायचं राहिलं होतं. पुस्तकात लीचेटचा पहिला संशय क्लोराइडवर, कारण कचऱ्याच्या पाण्यात ते भरपूर असतं आणि जमिनीत कुठे अडकत नाही, पाण्याबरोबर पुढे जातं. पण खाडीकाठाला हा साक्षीदार फितूर असतो, क्लोराइड खाडीतूनही येतं. टीडीएसचंही तेच. आपल्याकडे कितीतरी रिपोर्टांत "क्लोराइड जास्त, सबब लीचेटचा परिणाम" लिहिलेलं बघितलंय आणि तितक्याच रिपोर्टांत "खाडीमुळे आहे" म्हणून हात झटकलेले. दोन्हीकडे पुढे बघायची तसदी नाही.

पुढे बघायचं म्हणजे पोटॅशियम बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण १९ ग्रॅम क्लोराइड आणि ०.४ ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे जवळपास ५० ला १. खाडीचं पाणी नुसतं पातळ होऊन बोअरमध्ये आलं असेल तर हे प्रमाण साधारण तसंच किंवा पोटॅशियम त्याहून कमी निघतं, कारण चिकणमाती थोडं पोटॅशियम धरून ठेवते. लीचेटमध्ये क्लोराइडच्या मानाने पोटॅशियम कितीतरी जास्त. मग अमोनिया आणि सीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजायचा आकडा). अमोनियालाही पळवाटा आहेत, फुटलेली ड्रेनेज लाइन आणि खाडीचा काळा चिखल दोन्ही अमोनिया देतात, त्यामुळे एकट्यावर निकाल द्यायचा नाही. तीन-चार गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवायला लागल्या तर मग बोला.

मीटरवाला
खूप दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी अशीच वही भरत फिरायचो, ठाणे-मुंबई पट्ट्यात. कुठल्या कंपनीत ते नको.

गॅसच्या पाइपाचं सांगतो. तोटी उघडायच्या आधी मशीनची नळी घट्ट बसवायची, तोटी आधी उघडली की आतला साठलेला गॅस उडून जातो आणि मागाहून घेतलेलं रीडिंग कामाचं नाही. मग पाइपातला दाब आणि फ्लो (गॅस किती जोरात बाहेर येतोय), आणि बाहेरच्या हवेचा दाब. मगच पंप चालू, मिथेन, कार्बन डायॉक्साइड, ऑक्सिजन. मिथेन झपकन वर चढतो मग एका ठिकाणी थांबतो, दोन्ही आकडे लिहायचे. शेवटी पाइपात पाणी किती वर आहे तेही टेपने. हे सगळं एका पाइपाला नीट करायचं तर वेळ लागतो, उन्हात पेटी उचलून टेकाड चढून जायचं असतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळे पाइप संपवायचे असतात. कुठली पायरी गळते ते तुम्हीच ओळखा.

लोक विचारतात मिथेन किती टक्के. नुसता टक्का विचारू नका, फ्लो विचारा. एका पाइपात मिथेन ६० टक्के आहे पण फ्लो शून्य, म्हणजे गॅस जागेवर बसलाय. दुसऱ्यात १५ टक्के आहे पण फ्लो चांगला आहे, म्हणजे मागून कोणीतरी ढकलतंय. मला दुसऱ्याची काळजी वाटते. ऑक्सिजन २० च्या आसपास आला तर खूश होऊ नका, बहुतेक वेळा तोटी गळकी किंवा टोपणच चोरीला गेलेलं असतं, तुम्ही बागेची हवा मोजताय. मिथेन कमी, कार्बन डायॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन नावाला, असं आलं तर मिथेन मातीतून येता येता वाटेत जिवाणूंनी खाल्लाय, गॅस येतोय हे नक्की.

वाशीचा_गृहस्थ
म्हणजे बाग उडणार का आता?

मीटरवाला
उडत नाही हो. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच पेट घेतो, त्याच्या खाली आणि वर पेटत नाही. २०१६ च्या नियमात मर्यादा होती खालच्या आकड्याच्या २५ टक्के, म्हणजे हवेत सव्वा टक्का. उघड्या बागेत वारा आहे, गॅस विरून जातो, बागेत बसून भेळ खा. प्रश्न असतो बंद जागेचा. केबलचे डक्ट, मीटर रूम, लिफ्टचा खड्डा, जमिनीखालची टाकी, पंप रूम. गॅस जमिनीतून आडवा चालतो आणि पाइपलाइन-केबलच्या चरात खडी-वाळू भरलेली असते ती त्याला सोपी वाट.

पाणाड्या
यात पावसाळा घाला. उन्हाळ्यात टेकाडावरची माती भेगाळलेली असते, गॅस सरळ वर निघून जातो. पाऊस पडून वरचा थर गच्च भिजला की पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, वर वाट नाही म्हणून बाजूला सरकतो. त्यात आतली पाण्याची पातळी वर येते आणि गॅसला ढकलते, त्यात हवेचा दाब पडलेला, म्हणजे बाहेरून दाबून धरणारंही कमी. इंग्लंडमध्ये डर्बीशायरला लॉस्को म्हणून गाव आहे, तिथे २४ मार्च १९८६ ला बंद डंपिंगशेजारचा बंगला गॅसच्या स्फोटाने उडाला, तीन माणसं जखमी. त्या रात्री हवेचा दाब काही तासांत धाडकन उतरला होता. त्यानंतर तिकडे या विषयाकडे गांभीर्याने बघायला लागले. म्हणून कोरड्या जानेवारीत, दाब चढा असताना घेतलेलं रीडिंग दाखवून कोणी "सगळं ठीक" म्हणालं तर विचारायचं की जूनमधलं दाखवा.

खेकडा
म्हणजे आता वेधशाळेचा अंदाज बघून बागेत जायचं. काकूंचा योगा क्लास बंद पडणार.

सुकट_बोंबील
काकू योगा क्लासला येतात तेव्हा दाब आपोआप वाढतो.

दिवा_फास्ट
:) :) विषयांतर: मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डंपिंगवर ऑफिसं झाली तिथे कॉम्प्युटर आणि एसी भराभर बिघडायचे असं पेपरात यायचं, त्याचं काय कारण होतं? माझा मित्र सर्व्हर रूममध्ये होता, तो म्हणायचा भूत आहे.

मीटरवाला
भुताचं नाव हायड्रोजन सल्फाइड. माणसाला त्रास होणार नाही इतका कमी असला तरी तांबं आणि चांदी काळी पाडतो, सर्किटच्या बारीक तारा आणि एसीची कॉइल आधी जातात. घरातही चांदीची भांडी फार लवकर काळी पडत असतील तर एक कुतूहल म्हणून नोंद ठेवा, पुरावा म्हणून नाही, कारण खाडीकाठाला हे तसंही होतं.

वाशीचा_गृहस्थ
मग देवनार? तिथे १९२७ पासून कचरा पडतोय, जानेवारी २०१६ ला आग लागली तेव्हा धूर उपग्रहातून दिसला. त्याच्यापुढे तुमची बाग म्हणजे काहीच नाही. मोठं सोडून लहानाच्या मागे लागायचं ही आपली सवय.

अ‍ॅडव्होकेट_नौपाडा
देवनारशेजारी राहत नाहीत त्या बाई, बागेशेजारी राहतात. आणि बंद करण्याच्या तऱ्हाही वेगळ्या असतात, मुलुंडला १९६७ पासूनचा कचरा २०१८ ला बंद केला आणि मग उकरून वेगळा करायचं काम काढलं, गोराईला झाकून गॅस गोळा करून जाळायची सोय केली. कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डंपिंगवरच आहे, लोक आवडीने जातात. बाग करण्यात चूक काहीच नाही. झाकलं असेल तर मोजत राहणं आलं, एवढंच.

माळीबुवा
बागेच्या बाजूने थोडं. अशा टेकाडावर झाड टोकाकडून वाळायला लागलं की लोक समजतात पाणी कमी पडलं आणि नळी लावून सोडतात. बऱ्याचदा मुळांना हवा मिळत नसते, मातीतल्या पोकळीत गॅस बसलेला असतो. खणून बघा, माती काळी-निळसर आणि वास. तिथे खोल मुळांची मोठी झाडं लावायचा हट्ट करू नये, आवरण फाडतात आणि वाऱ्यात कलंडतात. गवत, झुडपं, उथळ मुळांचं काहीतरी. आणि स्प्रिंकलर जपून. तुम्ही वरून जे पाणी ओतता त्यातलं झिरपून खाली कचऱ्यात गेलं की काळं होऊन कडेने बाहेर येतं. ट्रॅकला भेगा पडल्या असतील तर त्या रंगासाठी नाही तर पाण्यासाठी बुजवा. टेकाड बसतं, सगळीकडे सारखं बसत नाही, म्हणून भेगा.

पाणाड्या
माळीबुवांना साष्टांग. गृहस्थांच्या "कुजून माती झालं असेल" चं उत्तरही यातच आहे. आपला कचरा ओला, भाजीपाल्याचा, हवा गरम, त्यामुळे गॅसचा मोठा भर सुरुवातीच्या वर्षांत येऊन ओसरतो, हे त्यांचं बरोबर. पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले कोरडे कप्पे तसेच राहतात आणि भेगेतून पाणी शिरलं की ते नव्याने कुजायला लागतात.

खाजणकर
आमच्याकडे एकाने घर बांधायला कडेचा भराव उकरला तर वर्तमानपत्र निघालं, तारीख वाचता येत होती. कुजतं म्हणे.

सोनचाफा
धागा वर काढतेय, बरीच हालचाल झाली.

नौपाडा साहेबांनी व्यनित (खाजगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, भूजल आणि गॅस दोन्हीच्या तक्त्यांच्या प्रती, पाइपांच्या जागांचा नकाशा, आणि पाइप किती खोल व फटी कुठून कुठपर्यंत ते मागितलं. तीस दिवस उलटून गेल्यावर, आठवण केल्यावर, प्रती मिळाल्या. नकाशा मिळाला नाही. तक्ते आहेत. गॅसचा जुलैचा कागद बघून सेक्रेटरी एकदम खूश, आमच्या भिंतीकडच्या दोन्ही पाइपांना मिथेन शून्य. फ्लोचा रकाना तक्त्यातच नाही, शेरा रिकामा.

मग मी भूजलाचा कागद शेजारी ठेवला. त्याच आठवड्यात त्याच कोपऱ्यातल्या कुलूपवाल्या पाइपात पाणी जवळजवळ जमिनीला टेकलेलं. मीटरवाला, मला जे वाटतंय तेच आहे का?

मीटरवाला
तेच आहे. पाइपातल्या फटी पाण्याखाली गेल्या की गॅस आत येणार कुठून. मशीन एक तर पाणी ओढतं आणि फिल्टर भिजून बंद पडतं, नाहीतर पाण्यावरची अडकलेली हवा मोजतं. त्या तक्त्यात ऑक्सिजन किती लिहिलाय बघा. आणि तिथे शून्याच्या जागी "पाइप बुडालेला, रीडिंग नाही" असं लिहायला हवं होतं. शून्य लिहिलं की वरचा साहेब सही करतो, "रीडिंग नाही" लिहिलं की फोन येतो, म्हणून मुलं शून्य लिहितात. अशा जागी पावसाळ्यासाठी उथळ फटीचा वेगळा पाइप टाकतात, फार खर्चिक काम नाही.

सोनचाफा
ऑक्सिजन २०.६ लिहिलाय.

मीटरवाला
घ्या. बागेची हवा.

पाणाड्या
ताई, मस्त पकडलंत. दोन कागद शेजारी ठेवायचं काम भल्याभल्यांकडून होत नाही, पाण्याचा रिपोर्ट एका टेबलावर जातो, गॅसचा दुसऱ्या. बोअरचं काय झालं?

सोनचाफा
बोअरचं पाणी तुमच्या यादीप्रमाणे तपासलं. क्लोराइड चांगलंच जास्त आहे, पण पोटॅशियम त्या मानाने अगदी कमी, तुमच्या ५० ला १ च्या हिशोबाने निघालं असतं त्याहूनही कमी. अमोनिया किरकोळ. धातू लॅबच्या मशीनला सापडतील इतकेही नाहीत. म्हणजे खाडीचं असावं असं मी समजतेय. कमिटीत आता दोन तट आहेत, एक म्हणतो बघा काही नाही निघालं, घ्या वरच्या टाकीत, दुसरा म्हणतो खारट पाणी घेऊन गीझर खराब करायचे का. कचऱ्याची भीती एकालाही पटली नाही, गीझरची सगळ्यांना पटली.

खेकडा
गीझर हाच महाराष्ट्राचा खरा पर्यावरणवादी.

पाणाड्या
तुमचं वाचन बरोबर वाटतंय, आजच्या उपशाला तरी. आता खरी परीक्षा म्हणजे जेवढं पाणी रोज हवंय त्याच जोराने बोअर सलग चालवून सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नमुने. मधल्या वेळात हातातल्या मीटरने कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे क्षार किती) बघत राहा, चढत गेली तर पाणी कुठून तरी ओढलं जातंय. भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवा, खाडीकाठच्या बोअरची पातळी त्याबरोबर थोडी उशिराने खालीवर होते आणि ते उपशाचा परिणाम समजून गोंधळ होतो. बाटल्या लॅबकडूनच आणा, धातूंसाठीच्या बाटलीत आधीच अ‍ॅसिड असतं ती विसळायची नाही. बिसलरीच्या बाटलीत भरून नेऊ नका. बर्फाच्या पेटीत त्याच दिवशी पोचवा. आणि लॅब एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी संस्था) आहे एवढ्यावर थांबू नका, मान्यता टेस्टगणिक असते, पोटॅशियम आणि अमोनिया त्यांच्या यादीत आहे का विचारा.

रबाळेवाला
फ्लशची लाइन वेगळी असेल तर तिथे वापरा की हे पाणी, वरच्या टाकीची गरजच काय?

सोनचाफा
वेगळी लाइन फक्त नवीन विंगला आहे. तरी तोच तोडगा निघेल असं दिसतंय, जुन्या विंगचे लोक खर्चावरून भांडतील ते वेगळं.

मीटरवाला
गॅससाठी सोसायटीने एक करावं. मीटर रूम आणि पंप रूममध्ये जिथून केबल भिंतीतून आत येते तिथली फट सील करून घ्या आणि दाराला वर-खाली जाळी ठेवा. ऑनलाइन मिळणारं स्वस्तातलं डिटेक्टर घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यातल्या बऱ्याच सेन्सरना चालायला ऑक्सिजन लागतो, खड्ड्यात ऑक्सिजन नसेल तर ते मिथेन असूनही कमी दाखवतात. खोलीतल्या हवेला चालेल, टाकीत किंवा चेंबरमध्ये माणूस उतरवायला त्याच्यावर विसंबू नका, मुळात उतरवूच नका.

वाशीचा_गृहस्थ
आमच्या सोसायटीमागेपण असेच पाइप आहेत. अर्जाचा मसुदा मिळेल का? नाव न टाकता.

सोनचाफा
व्यनि केलाय काका. शेवटच्या परिच्छेदात फ्लोचा आणि फटींच्या खोलीचा मुद्दा आहे तो गाळू नका.

पाणाड्या
पंप टेस्ट कधी?

सोनचाफा
येत्या शनिवारी पहाटेपासून. सेक्रेटरी स्वतः बोअरपाशी खुर्ची टाकून बसणार आहेत, कारण मीटर भाड्याचं आहे आणि त्यांचा कोणावर विश्वास नाही. आकडे आले की इथेच टाकते.